पेटीतल्या कोऱ्या कागदांची चोरी

पंढरी मास्तरांनी जन्मात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि तेही ते पत्र आहे हे त्यांना कळलं नाही म्हणून.

एरवी या बाबतीत मास्तर कडक. लग्नपत्रिकेलासुद्धा ते उलट टपाली आशीर्वाद धाडत. नांदेडात बसवराज अप्पा उदगिरे यांच्या 'खाजगी चौकशी' या पाटीखालच्या खोलीत येणारं सगळं टपाल मास्तरच उघडत, मास्तरच उत्तरं लिहीत, कारण अप्पांचं अक्षर खुद्द अप्पांनाही लागत नसे.

संक्रांतीनंतर रेणापूरहून एक पाकीट आलं. तोंड उघडं, वर तिकीट नाही. बेरंग टपालाचा दंड द्यायला मास्तरांनी खिशात हात घातला, तर पोस्टमन काही न मागता सायकलवर टांग टाकून निघूनही गेला. आत पुठ्ठ्यासारखा जाड, पांढराशुभ्र कागद. त्यावर अक्षर म्हणून एक नाही. नुसतं सगळीकडं टोचून काढल्यासारखं.

मास्तरांना वाटलं, कागदाला कसर लागली असेल. मग वाटलं, कुणीतरी आपली थट्टा केली. मग वाटलं, आपल्याच नजरेत काही बिघाड झालाय. तिन्हींपैकी काय ते अप्पांना विचारायचा धीर झाला नाही. कागद मात्र झकास होता. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून मास्तरांनी आपल्या जुन्या शब्दकोशाला त्याचं कव्हर घातलं, आणि विषय मिटला असं स्वतःला सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पांढरी काठी टेकवत एक तरुण दारात उभा राहिला. विशीतला असेल, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, डोळे मिटलेले.

"बसवराज अप्पा इथंच का?"

"इथंच. या, बसा," अप्पा शेंगदाणे सोलता सोलता म्हणाले. अप्पा मूळचे उदगीरचे. अंगानं आडवे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. पंचवीस वर्षं त्यांनी मुदखेड जंक्शनवर रेल्वेच्या हरवलेल्या पार्सलांचा शोध घेतला होता. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही.

तरुणानं खुर्ची चाचपली, मग टेबल चाचपलं. टेबलावर शब्दकोश होता. त्याच्या बोटांनी कव्हरावर दोन पावलं टाकली आणि ती थबकली.

"हे माझं पत्र हाय," तो म्हणाला.

मास्तरांना घाम फुटला.

"'आदरणीय बसवराज अप्पांना व्यंकटी सरवदे याचा जयभीम. माझ्या पेटीतले सगळे कागद...' पुढचं आत दुमडलंय." तरुणानं तोंड वर केलं. "महिनाभर वाट बघितली. मला वाटलं, तुम्ही तपासाला लागला असाल."

"ब्रेल!" अप्पा ओरडले. "अंधांची ठिपक्यांची लिपी. हिला टपाल फुकट असतं, म्हणून तिकीट नव्हतं. मास्तर, अहो, तुम्ही कव्हर घातलंत?"

"मला... मला ते कोरं वाटलं," मास्तर पुटपुटले. जमीन दुभंगेल तर बरं, असं त्यांना झालं होतं.

"दुसऱ्याच्या हातनं लिहून घेतलं असतं तर घरी कळलं असतं," व्यंकटी म्हणाला. "आणि तिकिटाला पैसे बी नव्हते. पत्ता तेवढा पोस्टमननं घातला."

"कागद कसले होते?"

"नोट्स. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या. वर्गात ऐकायचं, मित्रांकडनं पुस्तकं वाचून घ्यायची आणि टोचणीनं एकेक ठिपका पाडून लिहायचं. इथल्या वसतिगृहात जागा नव्हती म्हणून दिवाळीत गठ्ठा घरी पेटीत ठेवला. संक्रांतीला गेलो तर पेटी रिकामी."

"पूर्ण रिकामी?"

"न्हाई. छापील इतिहासाची दोन पुस्तकं होती, मित्राची. लिहायची पाटी होती, टोचणी होती, मफलर होता. फक्त लिहिलेले कागद गेले."

"कुलूप?"

"नव्हतं. म्हटलं, आंधळ्याची लिपी चोरून कोण काय करणार!"

अप्पांनी शेंगदाण्याची टरफलं बाजूला सारली. "परीक्षा कधी?"

"मार्चअखेर. आणि अप्पा, नापास झालो की शिष्यवृत्ती बंद. माझे आईवडील न्हाईत. देवीत डोळे गेले तेव्हापासून केरबा काकांनीच वाढवलं. काका लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई. एका पगारात दोन कॉलेजं चालत न्हाईत, आणि चुलतभाऊ सटवाजी यंदा बारावीला. काकांनी सांगून ठेवलंय, पास झालास तर पुढं शीक. नापास झालास तर खुर्च्या विणायच्या केंद्रात नाव घालतो." व्यंकटीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "मला खुर्च्या विणायच्या न्हाईत, अप्पा. मला खुर्चीत बसायचंय."

अप्पा हसले, पण मास्तरांनी पाहिलं, हसता हसता त्यांनी बूट ओढले होते.

*

रेणापूरच्या एस.टी.त व्यंकटीला अगदी पुढं जागा मिळाली, मास्तरांना मागं खिडकीशी, तरी ते बाहेर बघेनात. पावसानं पाठ फिरवलेली, रानं उघडी पडलेली, रस्त्याच्या कडेनं टँकरमागे टँकर. मास्तरांच्या डोळ्यांपुढं मात्र शब्दकोशच नाचत होता.

"अप्पा, चोर उघड आहे," शेवटी ते म्हणाले. "पुस्तकं सोडली, मफलर सोडला, नेमक्या नोट्स नेल्या. पोराचं शिक्षण बंद पाडायचं होतं कुणाला तरी. एक तर काका, नाही तर तो सटवाजी."

"मास्तर, मुदखेडला एकदा पितळी घंटेचं पार्सल हरवलं. देवळाची घंटा. सगळे म्हणाले, पितळेसाठी चोरली. मी शोधली तर मालगोदामाच्या दाराला अडसर म्हणून लावलेली. पार्सलं चोरीला कमी जातात. बहुतेक कुणाच्या तरी कामाला येतात."

"पण ठिपक्यांचे कागद कुणाच्या कामाला येणार?"

"तुमच्या आलेच की," अप्पा म्हणाले.

मास्तरांनी उरलेला रस्ताभर खिडकीबाहेर पाहिलं.

*

स्टँडसमोरच चन्नबसप्पाचं रद्दीचं दुकान. चन्नबसप्पा कानडी मुलखातला. अप्पांच्या कपाळाचं भस्म बघून त्यानं लगेच चहा मागवला.

"केरबाच्या घरनं रद्दी? अय्यो, सपनात बी नाही," तो तराजूची साखळी सोडवत म्हणाला. "ती पंचफुलाबाई, केरबाची बायको. पुडीचा कागद बी टाकत नाही. दुकानात येती आणि पायाखाली पेपर दिसला की मलाच शिव्या देती. उलट माझ्याकडंच मागायला येती."

"काय मागायला?"

"कागद. मी पेपर दिला तर नको म्हणती. छापलेला नको, लिहिलेला नको, साधा दे. आता रद्दीत साधा कागद कुठनं आणू? वाणी कागद वाया घालवतो का?"

"मग जाड, टोचलेले कागद तुमच्याकडं आले नाहीत?"

"जाड कागद आला असता तर आठवला असता. जाडाला वजन येतं." चन्नबसप्पानं आवाज खाली आणला. "पण एक सांगतो. केरबाचं पोरगं, सटवाजी. दिवाळीनंतर गोणपाटात गुंडाळून काहीतरी आणलं होतं त्यानं. विकून गेलं. म्हणालं, घरी सांगू नका."

"काय होतं गोणपाटात?"

"ते नाही सांगत. शब्द दिलाय."

मास्तरांनी अप्पांच्या बाहीला हात लावला. त्यांच्या चेहऱ्यावर 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं लिहिलं होतं. अप्पांनी त्यांच्याकडं लक्ष न देता चहा संपवला.

*

केरबा सरवदे घरीच होते. रविवार होता. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली कोनाड्यात वर्तमानपत्रांची नीट रचलेली चळत. वरच्या कागदाचा कोपरासुद्धा मुडपलेला नाही. अंगणात टँकरच्या पाण्यासाठी घागरी ओळीनं मांडलेल्या. पंचफुलाबाई, केरबांची पत्नी, दगडावर भाजलेले चिंचोके कुटत बसल्या होत्या. त्यांची बोटं नखापासून तांबडी झाली होती. घराला काव दिला असेल, असं मास्तरांना वाटलं. दुष्काळात लोक चिंचोके खायला लागले, या विचारानं मात्र त्यांना भरून आलं.

केरबा उठून उभे राहिले. सरकारी नोकरीनं त्यांच्या बोलण्याला इस्त्री केली होती.

"तपास? कसला तपास? साहेब, घरातली बाब हाय. दरखास्त द्यायची काही जरूर नव्हती, व्यंकटी."

"केरबा, खुर्च्यांचं काय?" अप्पांनी विचारलं.

केरबा एकदम खुलले. "आता बघा साहेब, जिल्हा नवा झाला, पण खुर्च्या उस्मानाबादहून जुन्याच आल्या. अर्ध्यांची बैठक फाटलेली. साहेब लोक बसत्यात आणि खाली जात्यात. अख्ख्या कचेरीच्या खुर्च्या! पोरगं विणाय शिकलं तर जन्मभर काम. मी साहेबांशी बोलून बी ठेवलंय."

"म्हणजे पोरगं नापास झालं तर तुमचं बरंच."

केरबांचा चेहरा उतरला. "असं कसं म्हंता? एक पगार हाय, साहेब. दोघांच्या शिक्षणाची फिकीर करतो. एकाचं तरी नीट होऊ द्या, एवढंच माझं म्हणणं. मी त्या पेटीला हात बी लावला न्हाई. फुले, शाहू, बाबासाहेबांची शपथ."

"तीन शपथा नकोत. एकीनं चालेल," अप्पा म्हणाले.

सटवाजी मिसरूड फुटलेला, चुळबुळ्या पोरगा. त्याला अप्पांनी अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. मास्तर मागोमाग.

"गोणपाटात काय होतं रे?"

पोरगा पांढरा पडला. "चन्नबसप्पानं सांगितलं?"

"त्यानं काही सांगितलं नाही. तू आत्ता सांगितलंस."

सटवाजीनं चुलीकडं चोरून बघितलं. "माझीच पुस्तकं होती. अकरावीची. पास झालो की काय करायचं त्यांचं? पण आईला कळलं तर जीव घेईल माझा. घरातनं अक्षराचा कागद भायेर गेला तर ती दोन दिवस जेवत न्हाई. ती पेपरची घडी टाकून बसू बी देत न्हाई. परवा माझ्याकडनं पेपरवर भजी ठिवली गेली, तर..." त्यानं गालाला हात लावला.

"पैशाचं काय केलंस?"

"दादाला टोचणी आणली." तो खाली बघत म्हणाला. "जुनी बोथट झाली होती."

मास्तरांचा एक संशयित हातचा गेला. मनातल्या मनात त्यांनी दुसऱ्याकडं मोर्चा वळवला, तर तो दूर खुर्च्यांच्या विचारात हरवून बसला होता.

"पंचफुलाबाई," अप्पा चुलीजवळ गेले, "दिवाळी ते संक्रांत, घरात परकं कुणी आलं होतं?"

"कोन येतंय दुष्काळात, अप्पा? आपापल्या घागरी घिऊन लोक टँकरमागं पळाय लागलेत." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "पेटीतलं अक्षर न् अक्षर जपलंय मी. ती छापलेली दोन पुस्तकं दर आठ दिसाला पुसून ठिवते, विचारा येंकटीला. कागद कसे गेले, मला तर समजंना. माझ्या लेकरानं लिवलेलं गेलं, रात्रीला झोप न्हाई मला."

"पुस्तकं पुसता, मग लिहिलेले कागदही पुसले असतील."

"लिवलेले दिसलेच न्हाईत मला, अप्पा. पुस्तकं बी पेटीत, पाटी बी. लिवलेलं काहीच न्हाई. पैल्यापासनं!"

मास्तरांना वाटलं, बाईला आठवत नाही. अप्पा मात्र क्षणभर तसेच उभे राहिले, मग त्यांनी पोटावर हात फिरवला.

"पंचफुलाबाई, भूक लागली."

*

जेवणं ओसरीवर. मास्तरांना संकोच वाटला, पण पिठल्याचा वास आला आणि संकोच मागं हटला. व्यंकटीसाठी काकूंनी वेगळं ताट वाढलं, भाकरी कुस्करून, वाटी बोटाला लागेल अशी ठेवून, ताट थेट त्याच्या मांडीवर दिलं.

"काकू, मला हातानं घेता येतं," व्यंकटी म्हणाला.

"आसू दे. भाजलं तर? तू हालू नगं."

"दहा वर्षं झाली, हालू देत न्हाईत," व्यंकटी मास्तरांच्या कानाशी म्हणाला. "या घरात माझ्या हाताला ताटाशिवाय काही लागलेलं न्हाई."

पाहुण्यांपुढं मात्र तांबड्या रंगाची नवी कोरी टोपली आली, भाकरीनं भरलेली. मास्तरांनी वरची भाकरी घेतली. टोपली हातात धरताना ती निसटली नाही, आतनं खरबरीत लागली, जुन्या गोधडीच्या टाक्यांसारखी.

"छान टोपली," मास्तर विनयानं म्हणाले. "आमच्याकडं कागद भिजवून, मेथ्या घालून, लगदा कुटून बांबूच्या टोपलीला लिंपायच्या बायका. गुळगुळीत व्हायची."

"आमच्यात बी तसंच. पर यंदा लगद्याला पाणी कोन देतंय? घागरभर पाणी आठ दिस भिजत ठिवायचं, तर प्यायचं काय?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "यंदा चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून घेतलं. वरनं काव दिला. बाजारात लई चालल्या. खरबरीत बाजू आत ठिवली, म्हून भाकर घसरत न्हाई, बाया म्हंत्यात."

अप्पांनी टोपली मास्तरांच्या हातून काढून घेतली. वरच्या भाकऱ्या ताटात घातल्या, आतला चुरा फुंकला. मग ती रिकामी टोपली व्यंकटीच्या पुढं धरली.

"व्यंकटी, आज तुझ्या हातानं घे."

"अवो, त्याला नगं," पंचफुलाबाई पुढं झाल्या.

"घेऊ द्या."

व्यंकटीनं हात घातला. टोपलीचा तळ चाचपला. बोटं पुढं गेली, मागं आली, परत पुढं गेली. चेहरा असा झाला, की मास्तरांचा घास तोंडातच राहिला.

"'सातवाहनांच्या ऱ्हासाची कारणं,'" व्यंकटी हळू वाचू लागला. "'कारण तिसरं. पैठण...' पैठणच्या पुढं पीठ लागलंय."

सटवाजीच्या हातातला तांब्या खाली आदळला.

"मी सांगतो," अप्पा म्हणाले, आणि भिंतीला टेकून बसले. "आधी पेटी. पोराचं वाटोळं करायचं असतं तर चोरानं पाटी न् टोचणी आधी नेली असती; त्यांच्याशिवाय तो नव्यानं लिहूच शकला नसता. रद्दीचे पैसे करायचे असते तर छापील पुस्तकं सोडली नसती. म्हणजे ज्यानं नेले त्याला नुसता कागद हवा होता, आणि छापलेल्या कागदाला हात लावायला तो तयार नव्हता. अशी कोण? चन्नबसप्पाकडं साधा कागद मागणारी. पेपरावर भजी ठेवली म्हणून लेकाच्या गालावर मारणारी. मुलगा आपलीच जुनी पुस्तकं जिच्या भीतीनं लपून विकतो, ती."

पंचफुलाबाई मटकन खाली बसल्या.

"पेटीत 'लिवलेलं काही नव्हतंच' असं त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं बोलल्या. त्यांच्या डोळ्यांना ते कागद कोरे दिसले. टोचून वाया गेलेले. ठिपक्यांचीही लिपी असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोरा कागद वापरला तर अक्षराचा अपमान होत नाही." अप्पांनी मास्तरांकडं बघितलंही नाही, त्याबद्दल मास्तरांनी मनातल्या मनात त्यांचे पाय धरले. "यंदा पाणी नाही म्हणून लगदा नाही. लगदा नाही म्हणून चिंचोके कुटायचे, खळ करायची, अख्खे कागद चिकटवायचे. नखं तांबडी झाली ती कावानं, घर रंगवून नव्हे. पाऊस झाला असता तर व्यंकटीचे सातवाहन केव्हाच मेथ्यांबरोबर कुटले गेले असते."

"मंग येंकटीला कसं कळलं न्हाई?" केरबांनी विचारलं.

"टोपल्या बाजारात गेल्या. आणि घरात राहिलेल्या टोपलीला त्याचा हात लागू देता कुठं तुम्ही? एकदा भाकरीची टोपली त्याच्या पुढं सरकवली असती, तर मला एस.टी.चं तिकीट काढावं लागलं नसतं."

"मीच..." पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पेटीत पुस्तकं हायती म्हून पाया पडून मग कागद काढले रे मी! आन् जिच्या पाया पडले न्हाई, तीच तुझी इद्या निघाली!"

"काकू, कशासाठी विकल्या टोपल्या?" व्यंकटीनं विचारलं.

त्यांनी केरबांकडं बघितलं. केरबांनी घसा साफ केला. कचेरीतली इस्त्री कुठल्या कुठं गेली होती. "तुझ्या परीक्षेच्या फीसाठी. मी म्हटलं होतं, दोघांची फी एकदम भागायची न्हाई. ही म्हणाली, येंकटीची माझ्याकडं लागली. माझ्याकडनं बी वदवून घेतलं, की कुणाला सांगायचं न्हाई." त्यांनी खिसा चाचपला. "भरली हाय फी. पावती माझ्याकडं हाय."

व्यंकटी चाचपत पुढं सरकला, काकूंचा हात सापडला, तो धरून बसला. मग म्हणाला, "काकू, टोपल्या कुणाकुणाला विकल्या, ते आठवतं का?"

पंचफुलाबाईंनी डोळे पुसले. आता प्रश्न त्यांच्या हातातला होता. "का न्हाई आठवत! उमाबाईला दोन. सुभद्राबाईनं उधारीवर घेतली, अजून पैसे न्हाई दिले, ती तर वढूनच आणते. सटव्या, ऊठ!"

*

त्यानंतर रेणापुरात जे झालं ते मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायला मिळेल असंही त्यांना वाटत नव्हतं. व्यंकटी पुढं, वही घेऊन सटवाजी मागं, मास्तर आणि पंचफुलाबाई आणखी मागं. दारात टोपली मागायची, व्यंकटीनं उंबऱ्यावर बसून आत बोटं फिरवायची आणि मोठ्यानं वाचायचं, सटवाजीनं लिहायचं. उमाबाईच्या पिठाच्या टोपलीत बहामनी राज्य निघालं. सुभद्राबाईच्या टोपलीत अर्थशास्त्र होतं, पण वर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मागणी-पुरवठ्याचा नियम वाचता वाचता व्यंकटीनं नाकाला हात लावला आणि पुढची पाच मिनिटं सगळा अभ्यास शिंकांत गेला.

"माझ्या टोपलीत काय लिवलंय, मास्तर?" सुभद्राबाईंनी दबक्या आवाजात विचारलं. "देवाचं काय हाय का?"

"भाव का वाढतात, ते आहे," मास्तर म्हणाले.

"मंग टोपली मी परत देत न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "लिहून घ्या आन् ठिवा हितंच."

काही ठिपके खळीत बसले होते, काही ओळी कडेला कापल्या गेल्या होत्या. तिथं व्यंकटी आठवून सांगे. सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं, की निम्मं त्याला पाठच होतं. एक टोपली तेवढी मिळाली नाही. ती एका नव्या नवरीबरोबर उदगीरला सासरी गेली होती, आणि तिच्याबरोबर सातवाहनांच्या ऱ्हासाचं शेवटचं कारण.

परीक्षेत अंध मुलाला लेखनिक मिळतो, पण तो खालच्या वर्गातला असावा लागतो. बारावीचा सटवाजी त्यात नेमका बसला. त्याची स्वतःची परीक्षा आधीच उरकली होती. वही त्याच्याच हातची, त्यामुळं व्यंकटीनं अर्धं वाक्य म्हटलं की सटवाजीला पुढचं ठाऊक. केरबांनी कचेरीतून दोन दिवसांची रजा काढून दोघांना नांदेडला पोचवलं, आणि परीक्षेच्या दारात इतके घाबरून उभे राहिले, की पहारेकऱ्यानं त्यांनाच पाणी दिलं.

जूनमध्ये निकाल लागला. व्यंकटी दुसऱ्या वर्गात पास. इतिहासाच्या पेपरात त्यानं ऱ्हासाची एक सोडून सगळी कारणं लिहिली होती. सटवाजीही बारावी पास झाला. केरबांनी खुर्च्यांसाठी लातूरच्या बाजारातून वेतकाम करणारा दुसरा माणूस शोधला आणि साहेबांना सांगितलं, "आमचा पोरगा त्यात बसायला येणार हाय, विणायला न्हाई." आता एका पगारात दोन कॉलेजं कशी चालवायची, याचा हिशेब पंचफुलाबाईंनी आपल्याकडं घेतला. कागद लावायला बांबूच्या टोपल्या त्यांनी उधारीवर आणल्या. फक्त कागद मागताना त्या आता प्रत्येक कागदावर आधी बोट फिरवून बघत.

पंढरी मास्तरांच्या मनातून एक गोष्ट मात्र गेली नव्हती.

परीक्षेच्या दिवसांत व्यंकटी खोलीवर येई, तेव्हा त्यांनी लाजत लाजत त्याच्याकडून पाटी न् टोचणी मागून घेतली होती. उजवीकडून डावीकडं टोचायचं, कागद उलटला की डावीकडून वाचायचं. मास्तरांचं पहिलं पान सबंध उलटं निघालं. दुसऱ्यात एक ओळ दुसरीवर चढली. तिसरं बरं होतं, पण बरं आहे यावर त्यांचाच विश्वास बसेना, म्हणून चौथं केलं. टोचून टोचून त्यांचं बोट सुजलं. अप्पांनी सगळं बघितलं, पण शेंगदाण्यांतून मान वर काढली नाही.

पाचवं पान घेऊन मास्तर जुलैच्या एका दुपारी पोस्टात गेले. पाकिटाचं तोंड उघडं, वर रेणापूरचा पत्ता. खिडकीतल्या कारकुनानं ते उलटसुलट केलं.

"तिकीट?"

मास्तरांच्या मागं रांग होती. रांगेत उभं असताना कुणी पुढं घुसलं तरी मास्तर काही बोलत नसत. त्यांनी घसा खाकरला.

"याला तिकीट लागत नाही."

"का लागत नाही? सरकारी आहे का?"

"पत्र आहे."

कारकुनानं आतला कागद ओढून काढला, उजेडाकडं धरला आणि रांगेकडं बघून हसला. "अहो आजोबा, हे तर कोरं आहे."

मास्तरांचे कान तापले. शब्दकोश घेऊन मागच्या दारानं निघून जावं असं त्यांना एकदा वाटलं, पण शब्दकोश बरोबर नव्हता.

"कोरं नाही," ते म्हणाले. आवाज थोडा मोठा निघाला; तो त्यांचाच आहे हे त्यांना उशिरा कळलं. "हात लावून बघा."

कारकुनानं मास्तरांकडं पाहिलं. मग बोट ठिपक्यांवरून फिरवलं, एकदा, दोनदा. त्याचं हसू थांबलं.

"काय लिहिलंय?"

"'तुमचं पत्र मिळालं,'" मास्तर म्हणाले.

कारकुनानं कागद नीट आत सरकवला, शिक्का मारला, आणि पाकीट रेणापूरच्या थैलीत टाकलं.